वीज वाचवणाऱ्या डबीपासून सावध: बरोबर गणित दाखवून मला लुबाडलं

प्लगमध्ये खोचली की हिरवा दिवा लागणारी, 'बिल कमी करणारी' डबी माझ्या गळ्यात मारली गेली. एक नाही, तीन. असले प्रकार सगळ्यांनी ऐकलेले असतात, म्हणून विक्रेत्याच्या बाकीच्या थापा सांगत बसत नाही. पण त्याने मला गंडवलं ते गणिताने, आणि ते गणित प्रत्येकाला माहीत असायला हवं.

त्याने माझीच एक छोटी मोटर चालू केली आणि वायरीला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीतला करंट मोजणारा चिमटा, अडकवला. 1.8 अँपिअर. कागदावर लिहिलं, 230 गुणिले 1.8, म्हणजे 414 वॉट. मग शेजारच्या सॉकेटमध्ये डबी खोचली. आकडा माझ्या डोळ्यांदेखत 1.3 वर उतरला. 230 गुणिले 1.3, म्हणजे 299. 'बघा, 115 वॉट वाचले!' वर ओहमचा नियमही लावला: आधी 230 भागिले 1.8 म्हणजे 128 ओहम, आता 177 ओहम. रोध वाढला, करंट घटला, बिल घटणार.

यात संशय कुणाला येईल? मी गोड बोलण्याला भुललो नव्हतो. प्रत्येक गुणाकार, भागाकार मी स्वतः पडताळला आणि तो बरोबर होता. ओहमचा नियम 1827 पासून जगाला ठाऊक आहे, तो काय त्या माणसाने रचला नव्हता.

मी त्याला म्हटलं होतं, 'आता इस्त्री लावून दाखवा.' तो क्षण मनातून जात नाही. 'गरम होणाऱ्या वस्तूंवर परिणाम हळूहळू दिसतो, डबीला वायरिंग ओळखायला वेळ लागतो,' असं म्हणत त्याने क्लॅम्प मीटर काढला आणि पिशवीत टाकला. बोलता बोलता, अगदी सहज. तिथेच सगळं उघडं पडलं होतं. वायरिंग ओळखणारी डबी! हे वाक्य आठवलं की आजही अंगाची लाही लाही होते.

आधीचं बिल 212 युनिटचं होतं. डब्या लावल्यावर आलं 214. फोन केला तर 'तुमचा वापर वाढला असेल', आणि त्यानंतर फोन उचलणंच बंद.

मग मी 100 वॉटचा जुना तारेचा बल्ब घेतला. डबीशिवाय 0.43 अँपिअर. डबी लावली आणि करंट 0.84 झाला. वाढला! त्याच्याच हिशोबाने 100 वॉटचा बल्ब आता 193 वॉट खायला हवा. पण बल्बचा उजेड तसूभर बदलला नाही आणि वीजमीटरचा लाल दिवाही पूर्वीच्याच संथ गतीने लुकलुकत राहिला.

आत असतो फक्त एक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग, आणि तो हिरवा दिवा. (डबी उघडायच्या फंदात पडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटर झटका देऊ शकतो.) मोटरच्या गुंडाळीत करंट व्होल्टेजच्या मागे पडतो. त्यातला काही भाग काम न करता नुसता येरझाऱ्या घालतो. व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकारातला जेवढा वाटा खरं काम करतो, तो पॉवर फॅक्टर. माझ्या मोटरचा पॉवर फॅक्टर 0.6 होता, म्हणजे 414 हे वॉट नव्हतेच, तो नुसता गुणाकार, व्होल्ट-अँपिअर होते. खरी पॉवर 414 गुणिले 0.6, म्हणजे 248 वॉट. डबीने येरझाऱ्यांचा भाग जागीच पुरवला, मेनवरून येणारा करंट घटला, पण 248 वॉट 248 च राहिले. घरगुती मीटर तेवढेच मोजतो. आणि ते 128 ओहम? तो मोटरचा नुसता रोध नाही, गुंडाळी उलटसुलट वाहणाऱ्या करंटला जो वेगळा विरोध करते तोही त्यात मिसळलेला आहे. मल्टीमीटरने गुंडाळीचा नुसता रोध मोजला तर 19 ओहम निघाला. कारखान्यांना कमी पॉवर फॅक्टरचा भुर्दंड पडतो, तिथे कपॅसिटर खरोखर उपयोगी असतात. याच अर्धसत्यावर या लोकांचा धंदा चालतो.

बल्ब, इस्त्री, हीटर यांच्या करंटमध्ये येरझाऱ्यांचा भाग नसतोच, म्हणून तिथे डबीचाच करंट वर भरतो आणि आकडा वाढतो. त्यांवरच दाखवायला सांगा. नकार दिला की दार दाखवा.

खरा संताप पुढचा आहे. वीज कार्यालयात म्हणाले, 'मीटर बरोबर आहे ना? मग आमचा संबंध नाही.' पोलिसांनी विचारलं, 'वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?' ग्राहक तक्रार कक्षात तर कहर झाला. मी सगळे आकडे लिहून नेले होते. तिथल्या साहेबांनी कॅल्क्युलेटर ओढला, 230 गुणिले 1.3 केलं आणि मलाच सांगितलं, 'अहो, कमी तर झालंय!' विक्रेत्याचंच गणित, सरकारी खुर्चीत बसून! पॉवर फॅक्टर म्हटल्यावर 'ते तांत्रिक आहे' असं उत्तर मिळालं. मग तांत्रिक फसवणुकीची तक्रार करायची कुणाकडे? नंतर संदेश आला: तक्रारीचे निराकरण झाले. काय निराकरण झालं? पैसे त्याच्याकडे, डब्या माझ्याकडे!

घरच्या घरी तपासायचं तर क्लॅम्प मीटर लागतच नाही. बाकी सगळं बंद करून एकच उपकरण चालू ठेवा. मीटरवर एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, माझ्या मीटरवर 3200 आहे. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. 36 लाखांना (एक युनिट म्हणजे 1000 वॉट 3600 सेकंद) आधी त्या छापलेल्या आकड्याने, माझ्याकडे 3200 ने, आणि मग त्या सेकंदांनी भागा, आले वॉट. मोटर चालू असताना मला साडेचार सेकंद मिळाले, म्हणजे 250 वॉट. डबी लावून साडेचार, काढून साडेचार.

तरीही घ्यायचीच असेल तर विक्रेता दाखवेल तो आकडा, माझ्या बाबतीत 414 पैकी 115, म्हणजे 'बचत 28 टक्के', असं पावतीवर सहीनिशी लिहून घ्या, तोंडी आश्वासनाला कुठेच कुणी विचारत नाही. हप्त्यावर मुळीच घेऊ नका. मी दुसरी तक्रार दिली आहे, सोबत बल्बच्या प्रयोगाचं चित्रीकरण जोडलंय, आणि यावेळी अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय की 230 ला 1.3 ने गुणून उत्तर देऊ नये.