रॉन्देव्हू विथ फ्रेंच सिनेमा: कोणत्या खेळावर डॉलर घालवावेत, कोणत्या नाही

विदर्भातून अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणारी मंडळी बहुधा एप्रिल-मेमध्ये निघतात, इथलं ऊन चुकवायला. सिनेमाचा नाद असलेल्यांचं मात्र त्यात नुकसान होतं. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये 'रॉन्देव्हू विथ फ्रेंच सिनेमा' हा महोत्सव मार्चच्या सुरुवातीला भरतो आणि दहा-अकरा दिवसांत वीसेक नवे फ्रेंच सिनेमे दाखवून मोकळा होतो. पहिला महोत्सव १९९६ चा, तिसावा २०२५ मध्ये झाला. विमानाचं तिकीट महिनाभर आधीचं काढता येत असेल तर हा महोत्सव पाहण्याजोगा आहे. पण डोळे मिटून नव्हे. कार्यक्रमपत्रिका कशी वाचायची हे ठाऊक नसेल तर दोन महिन्यांनी घरबसल्या दिसणाऱ्या सिनेमावर पैसे जातात आणि पुन्हा कधीच न दिसणारा सिनेमा हातचा सुटतो.

महोत्सव भरवणारे दोघे. एक 'फिल्म ॲट लिंकन सेंटर', म्हणजे वर्षभर निवडक सिनेमा दाखवणारी न्यूयॉर्कची संस्था. दुसरी 'युनिफ्रान्स', फ्रेंच सिनेमा परदेशात खपावा म्हणून १९४९ पासून झटणारी. पहिलीला चांगला सिनेमा दाखवायचा असतो, दुसरीला फ्रेंच सिनेमासाठी गिऱ्हाईक शोधायचं असतं. यादीत दोन्ही हेतू स्पष्ट दिसतात. ओळखीच्या नटनट्यांचे, परदेशात चालतील असे सिनेमे असतात आणि त्यांच्या शेजारीच एखाद्या नवख्या दिग्दर्शिकेचा पहिला सिनेमाही असतो. फ्रान्सच्या गावागावांत तुफान चालणारे विनोदी सिनेमे मात्र त्या मानाने कमी. २०२४ मध्ये तिकडे सगळ्यात जास्त तिकिटं खपली ती अपंग तरुणांच्या उन्हाळी शिबिरावरच्या एका विनोदी सिनेमाची, एक कोटीहून जास्त. फ्रेंच माणूस रविवारी सहकुटुंब काय बघतो याचा अंदाज या महोत्सवावरून बांधू नये.

'नवा' या शब्दाचा इथला अर्थही समजून घ्या. सिनेमा मे महिन्यात कान महोत्सवात किंवा ऑगस्ट-सप्टेंबरात व्हेनिसला पहिल्यांदा दिसतो, शरदात फ्रान्सभर लागतो आणि पुढच्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला पोचतो. २०२४ च्या उद्घाटनाचा 'द ॲनिमल किंगडम' घ्या. मे २०२३ मध्ये कान, ऑक्टोबरात फ्रान्समध्ये प्रदर्शन, २९ फेब्रुवारी २०२४ ला लिंकन सेंटर आणि त्याच मार्चमध्ये अमेरिकेतली इतर थिएटरं. म्हणजे उद्घाटनाच्या गर्दीत ज्यांनी तो पाहिला त्यांच्या हाती फक्त काही दिवसांची आघाडी आणि दिग्दर्शकाशी झालेली प्रश्नोत्तरं लागली.

म्हणून पत्रिकेत प्रत्येक सिनेमाच्या माहितीखालची शेवटची ओळ आधी वाचावी. तिथे एखाद्या अमेरिकन वितरकाचं नाव असेल, 'अमुक कंपनीचं प्रदर्शन' अशा थाटाचं, तर तो सिनेमा विकला गेलेला आहे. आज ना उद्या तो थिएटरात लागेल, मग भाड्याने मिळेल, पुढे एखाद्या ओटीटीवर येईल. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांचे उद्घाटनाचे सिनेमे नंतर अमेरिकेत रीतसर प्रदर्शित झाले. वितरकाचं नाव नसेल आणि 'नॉर्थ अमेरिकन प्रीमियर' किंवा 'यू. एस. प्रीमियर' एवढंच लिहिलेलं असेल तर तो सिनेमा अजून गिऱ्हाईक शोधतोय. त्यातले काही पुढे विकले जातात, बरेचसे जात नाहीत, आणि इंग्रजी सबटायटलसह मोठ्या पडद्यावर ते दिसण्याची तीच काय ती वेळ असते. आमचा हिशेब साधा आहे: चार खेळ बघणार असाल तर तीन बिनवितरकाचे आणि एक आवडत्या दिग्दर्शकाचा. उद्घाटनाची रात्र बिनदिक्कत सोडा.

एकेका सिनेमाचे खेळ दोनच, क्वचित तीन. दिग्दर्शक हजर राहणार असतील तर पत्रिकेत त्या खेळापुढे तशी नोंद असते, आणि बहुधा ते पहिल्याच खेळाला येतात. प्रश्नोत्तरं पंधरा-वीस मिनिटांची. पाहुणा फ्रेंचमध्ये बोलणारा असेल तर दुभाष्यामुळे यातला निम्मा वेळ गळतो आणि तीन-चार प्रश्नांवर आटोपतं. त्यापेक्षा महोत्सवात होणाऱ्या मोफत गप्पांचे कार्यक्रम सरस. त्यांना सिनेमाचं तिकीट लागत नाही, पण आधी येईल त्याला जागा असा प्रकार असतो, तेव्हा अर्धा तास तरी आधी पोचलेलं बरं.

तिकिटविक्री फेब्रुवारीत उघडते, आधी संस्थेच्या सभासदांना, मग सर्वांना. वेळ बहुधा तिथल्या दुपारी बाराची. फेब्रुवारीत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, म्हणजे नागपुरात रात्रीचे साडेदहा. बँकेचं कार्ड वापरणार असाल तर आंतरराष्ट्रीय व्यवहाराची मुभा दुपारीच ॲपमधून सुरू करून ठेवा. ती बंद असते म्हणून व्यवहार अडतो आणि तोवर शनिवार-रविवारची तिकिटं संपतात. परकीय चलनाचं शुल्क वेगळं पडतं, बऱ्याच कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के. तिकडे असलेल्या मुलाला किंवा भाचीला काढायला सांगणं स्वस्त आणि बिनघोर. विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठ नागरिकांना सवलत असते, ओळखपत्र सोबत ठेवा. तिकिटं संपली तरी स्टँडबायची रांग असते. न आलेल्यांच्या जागा खेळ सुरू होण्याच्या सुमारास रांगेतल्यांना देतात. एकट्याला जागा मिळून जाते, चौघांचं कुटुंब एकत्र बसेल ही आशा सोडावी.

एक खोच बाहेरून येणाऱ्यांना हमखास नडते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळं तासभर पुढे जातात आणि हा रविवार बहुतेक वर्षी महोत्सवाच्या दिवसांतच पडतो. मोबाइल आपोआप सुधारतो, हातातलं घड्याळ नाही. त्या दिवसापासून भारताशी फरक साडेनऊ तासांचा होतो, म्हणजे घरी फोन करायची वेळही सरकते.

मुख्य सभागृह वॉल्टर रीड थिएटर, पत्ता १६५ वेस्ट ६५ वा रस्ता. जागा २६८. पडद्याच्या दिशेने उतार चांगला असल्यामुळे पुढच्याचं डोकं सबटायटलच्या आड येत नाही, आणि फ्रेंच सिनेमाला याहून महत्त्वाची सोय दुसरी नाही. काही खेळ रस्त्यापलीकडच्या एलिनॉर बनिन मन्रो फिल्म सेंटरमध्ये असतात, तिथले दोन्ही पडदे लहान. तिकिटावर इमारतीचं नाव नीट बघा. दोन्ही जागा हाकेच्या अंतरावर आहेत म्हणून एक खेळ संपताच दुसरा गाठता येईल असं वाटतं, पण मध्ये प्रश्नोत्तरं आली की गणित बिघडतं. दोन खेळांच्या सुरुवातींमध्ये निदान पावणेतीन तास ठेवा. मध्यंतर नसतं. ज्यांना मध्यंतरात चहा लागतो त्यांनी तो आधीच घ्यावा, आणि मधुमेह असलेल्यांनी खाण्याची वेळ सांभाळून खेळ निवडावा.

न्यू जर्सीतल्या एडिसनकडून येणाऱ्यांनी लोकल ट्रेनने पेन स्टेशनला उतरावं आणि तिथूनच उत्तरेकडे जाणारी १ नंबरची सबवे धरावी. 'सिक्स्टी-सिक्स्थ स्ट्रीट, लिंकन सेंटर' या स्थानकावर बाहेर आलं की पोचलात. २ आणि ३ नंबरच्या गाड्या जलद आहेत, त्या इथे न थांबता बहात्तराव्या रस्त्यावर नेऊन सोडतात. रात्रीचा खेळ प्रश्नोत्तरांसह साडेअकराला सुटू शकतो आणि त्यानंतर जर्सीच्या गाड्या विरळ होतात, तेव्हा परतीचं वेळापत्रक आधी पाहून मगच तिकीट काढा. थंडीचं काय ते सांगायला नकोच. इथे पस्तीस अंशांकडे पारा चढत असतो तेव्हा तिथे रात्री तो शून्याच्या आसपास असतो आणि हडसन नदीवरून वारा येतो. कानटोपी हवीच.

सबटायटलबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडचा नवा प्रेक्षक इथेच गळतो. एका वेळी दोन ओळी, प्रत्येकीत चाळिसेक अक्षरं, आणि त्या वाचायला काही सेकंद. फ्रेंच सिनेमात माणसं जेवणाच्या टेबलावर बसून वाद घालतात आणि तिघं एकदम बोलतात, तेव्हा सबटायटल करणाऱ्याला संवाद छाटावाच लागतो. छाटणीत पहिला बळी विनोदाचा जातो. त्यामुळे इंग्रजी सावकाश वाचणाऱ्यांनी प्रेमाच्या गुंत्यावरच्या बोलघेवड्या विनोदी सिनेमाने सुरुवात करू नये. २०२५ च्या उद्घाटनाचा 'थ्री फ्रेंड्स' याच जातीचा: तीन मैत्रिणी, त्यांची प्रेमं, आणि भरपूर बोलणं. पहिल्यांदा थरारपट, पोलिसकथा किंवा मुलांच्या जगावरचा सिनेमा घ्यावा, तिथे निम्मं काम चित्रच करतं. बसायला मधल्या रांगेच्या थोडं मागे, शक्यतो मध्यभागी. फार पुढे बसलं की नजर चेहऱ्यावरून ओळीवर आणि ओळीवरून चेहऱ्यावर अशी खालीवर करत राहते आणि तासाभरात डोकं धरतं.

इतक्या छोट्या-छोट्या, धंद्याच्या दृष्टीने बेभरवशाच्या सिनेमांना पैसा कुठून मिळतो? फ्रान्समध्ये प्रत्येक सिनेतिकिटावर १०.७२ टक्के कर लागतो आणि तो सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता १९४६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सिनेमा केंद्राकडे जातो. अमेरिकन सुपरहिरोचा सिनेमा पॅरिसमध्ये चालला की त्याच्या तिकिटातूनही हा वाटा येतो. त्यातून पटकथा वाचून, चित्रीकरणाच्या आधीच, पुढच्या कमाईवर आगाऊ रक्कम दिली जाते. सिनेमा चालला तर ती परत करायची. मराठी चित्रपटाला सरकारी अनुदान मिळतं ते सिनेमा पूर्ण झाल्यावर, दर्जा ठरवून. म्हणजे आपल्या निर्मात्याने आधी घर गहाण ठेवायचं आणि मग परीक्षकांकडे बघायचं. लिंकन सेंटरच्या यादीत पहिल्याच सिनेमाचे दिग्दर्शक इतके कसे दिसतात, त्याचं उत्तर या फरकात आहे. आणि पैसा फ्रेंच असला की दिग्दर्शक कुठलाही चालतो. २०२० चा उद्घाटनाचा सिनेमा जपानच्या हिरोकाझू कोरे-एदा यांचा होता. त्या वर्षीचा महोत्सव करोनामुळे मध्येच थांबवावा लागला आणि २०२१ चा ऑनलाइन झाला.

लॉस एंजेलिसकडे मुलं असतील तर तिथला 'द अमेरिकन फ्रेंच फिल्म फेस्टिव्हल' बघावा. १९९७ पासूनचा, पूर्वीचं नाव 'कोलकोआ'. हा आता शरदात होतो, ऑस्करची धामधूम सुरू होण्याच्या वेळी, आणि सनसेट बुलेव्हार्डवरच्या डायरेक्टर्स गिल्डच्या इमारतीत. प्रेक्षकांत धंद्यातली माणसं जास्त. निवड न्यूयॉर्कपेक्षा अधिक लोकप्रिय वळणाची असते. दिवाळी इथे करून निघणाऱ्यांना त्याच्या तारखा गाठणं कठीण.

ज्यांना नागपूर सोडायचंच नाही त्यांनीही न्यूयॉर्कची यादी दर फेब्रुवारीत उतरवून घ्यावी. वर्षभरात त्यातले काही सिनेमे भारतातल्या ओटीटीवर येतात. मूळ फ्रेंच नाव आणि दिग्दर्शकाचं नाव दोन्ही लिहून ठेवा, कारण इंग्रजी नाव देशागणिक बदलतं आणि शोधताना सापडत नाही. युनिफ्रान्सचाच 'माय फ्रेंच फिल्म फेस्टिव्हल' २०११ पासून जानेवारी-फेब्रुवारीत पूर्णपणे ऑनलाइन होतो, इंग्रजी सबटायटलसह. त्यात दहाएक मोठे सिनेमे आणि तेवढेच लघुपट असतात. कोणत्या देशात काय दिसेल आणि कशाला किती पैसे, हे दरवर्षी बदलतं. लघुपटांपासून सुरुवात करा.

सीताबर्डी-धरमपेठेतल्या एखाद्या मंडळाला असा सिनेमा चारचौघांत दाखवावासा वाटला तर घरगुती ओटीटी खात्यावरून लॅपटॉप जोडून दाखवणं चालत नाही. जाहीर खेळाचे हक्क वेगळे घ्यावे लागतात. फ्रान्सच्या सांस्कृतिक संस्थांच्या जाळ्यातून बिगरव्यावसायिक खेळांसाठी सिनेमे मिळतात, पण त्यावर तिकीट लावता येत नाही. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेला परदेशी सिनेमा महोत्सवात दाखवायचा तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याची सूट लागते, आणि तो अर्ज आयत्या वेळचं काम नव्हे. मल्टिप्लेक्सचा पडदा भाड्याने घेतलात तर सिनेमा डीसीपी स्वरूपात, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरसाठी बनवलेल्या कुलूपबंद डिजिटल फाइलींच्या संचात येतो आणि तो उघडणारी किल्ली त्याच पडद्याच्या सर्व्हरसाठी, ठरावीक तासांपुरती बनवलेली असते. ऐनवेळी पडदा २ ऐवजी ४ मिळाला की ती चालत नाही. किल्लीवरची वेळ यूटीसीत, म्हणजे ग्रीनिचच्या प्रमाणवेळेत लिहिलेली असेल तर साडेपाच तास मिळवून बघा, आणि खेळाच्या आदल्या दिवशी पंधरा मिनिटं चालवून, सबटायटल उमटतात की नाही ते पडद्यावर तपासा. डीसीपीत सबटायटलची फाइल बऱ्याचदा वेगळी असते. ती निवडायची राहिली तर सिनेमा मुकाट्याने नुसत्या फ्रेंचमध्ये सुरू होतो.