डावखुऱ्या भाचीसाठी बांधलेली ७ एमएम-०८ रायफल: पूर्ण हंगाम वापरल्यावर

माझी भाची विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला वन्यजीवशास्त्र शिकते. उंचीने लहान, आणि डावखुरी. दुकानात डाव्या हाताच्या रायफली मिळतात, आखूड दस्त्याच्याही मिळतात, पण दोन्ही एकाच रायफलीत क्वचितच. ती शिकली उजव्या बाजूला बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) असलेल्या, ३०-०६ या जोरकस काडतुसाच्या रायफलीवर. बोल्ट ओढताना दर वेळी गाल दस्त्यावरून उचलावा लागायचा. त्यात ३०-०६ चा खांद्याला बसणारा दणका, त्यामुळे चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागले होते. ही खोड एकदा जडली की महागातली महाग नळीसुद्धा कामाला येत नाही. म्हणून आधी अंगाला बसेल अशी रायफल, मग दणका कमी, आणि अचूकता त्यानंतर, असा क्रम मी ठरवला. आज तो अगदी योग्य वाटतो.

ॲक्शन (बोल्ट आणि तो बसतो ती चौकट) सॅव्हेज ११० या रायफलीची, डाव्या हाताची. सॅव्हेजची नळी नटावर बसते, त्यामुळे ती बदलायला लेथ लागत नाही. बोल्टमधला इजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर फेकणारा भाग) काढायचा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं तिथे, गो गेज हे पोलादी माप ठेवून बोल्ट बंद करायचा, नळी गेजला टेकेपर्यंत हाताने फिरवायची आणि नट आवळायचा. मग गो गेजवर बोल्ट सहज बंद होतो आणि नो-गोवर, म्हणजे त्याहून जरा लांब मापावर, अडतो, हे पुन्हा पुन्हा पाहायचं. त्यात शंका राहिली तर एकही गोळी झाडायची नाही. ७ एमएम-०८ म्हणजे .३०८ विंचेस्टर या काडतुसाचीच केस (पितळी नळकांडं), मान तेवढी आवळलेली, म्हणून .३०८ चेच गेज चालतात. रेमिंग्टनने हे काडतूस १९८० साली बाजारात आणलं. दुकानात ६.५ क्रीडमूर हे दुसरं काडतूस जास्त सहज मिळतं हे खरं, पण घरी काडतुसं भरणाऱ्याला त्याची फारशी अडचण नाही.

सगळ्यात जास्त वेळ दस्त्याला दिला, आणि तो सार्थकी लागला. कारखान्यातले दस्ते चापापासून मागच्या टोकापर्यंत साधारण साडेतेरा इंच असतात. मी माप घेतलं ते तिला जाड हिवाळी कोट आणि त्यावर शिकारीचं भगवं जाकीट घालायला लावून. उन्हाळ्यात टी-शर्टवर बरोबर वाटणारा दस्ता नोव्हेंबरात लांब पडतो आणि काखेत अडकतो. शेवटी साडेबारा इंचांवर कापला, मागे मऊ रबरी पॅड लावलं आणि कोटाला अडकू नये म्हणून पॅडची वरची कड घासून गोल केली. ॲक्शन दस्त्यात हलू नये म्हणून तिच्याखाली इपॉक्सीचं बेडिंग, म्हणजे घट्ट बैठक, केली. नळी पुढे दस्त्याला कुठेच टेकत नाही, दोन्हींच्या मधून कागदाची पट्टी आरपार सरकते. नळीच्या तोंडावर ब्रेक (वायू बाजूला वळवून दणका कमी करणारं तोंड) लावा असं बरेच जण म्हणाले. मी नाही लावला. दणका कमी होतो, पण आवाजाने कानाची वाट लागते, आणि शिकारीत दर वेळी कानावर संरक्षण असेलच असं नाही.

आता काडतुसांबद्दल. काडतुसात भरायच्या बंदुकीच्या दारूचं वजन मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ते दारू बनवणाऱ्यांच्या चालू तक्त्यातूनच घ्यायचं आणि खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची. सरावासाठी मी हॉजडनची एच४८९५ वापरतो. कमी दणक्याच्या भरणीसाठी कंपनी हीच दारू सुचवते आणि तिची मर्यादाही छापते. दुसरी एखादी मंद दारू मनानेच कमी करून भरू नये, दाब अचानक वाढू शकतो. टेबलावर एका वेळी एकच डबा. गोळी बसवण्याआधी ट्रेमधल्या प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून दारूची पातळी बघायची. केसची लांबी २.०३५ इंचांच्या पुढे गेली की छाटून २.०२५ वर आणायची.

शिकारीसाठी भरणी वेगळी. हरणाचं मटण घरी खाणार, त्यात शिशाचे कण नकोत, असं तिचं स्पष्ट म्हणणं होतं. म्हणून बार्न्सची तांब्याची १२० ग्रेनची गोळी घेतली. तांब्याची गोळी नीट उमलायला वेग लागतो, त्यामुळे हलकी भरणी इथे उपयोगाची नाही. पूर्ण भरणी आणि सरावाची भरणी १०० यार्डांवर एकाच ठिकाणी लागत नाहीत. हंगामाआधी स्कोप शिकारीच्या भरणीवर लावून ठेवायचा आणि नंतर त्याला हात लावायचा नाही.

फरक कुठे दिसला ते सांगतो. रेंजवर तिच्या नकळत मी खऱ्या काडतुसांत मधेच एखादं बिनदारूचं, बिनप्रायमरचं (दारू पेटवणारी टिकली नसलेलं) काडतूस ठेवायचो. आधी अशा वेळी नळीचं तोंड खाली झुकायचं. उन्हाळा संपता संपता एकदा चाप ओढला, नुसती टिक झाली, आणि नळी जिथल्या तिथे. डोळा उघडाच. "मामा, रिकामी होती ना?" एवढंच म्हणाली आणि बोल्ट ओढला. त्या क्षणी मला जेवढा आनंद झाला तेवढा कागदावर जवळजवळ लागलेल्या गोळ्यांच्या कोणत्याही ग्रुपने झालेला नाही.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हंगाम उघडला. तिने शंभर यार्डांच्या आतून एक मादी टिपली. गोळी फुप्फुसांतून आरपार गेली, हरीण थोडंसं धावून पडलं. कडाक्याच्या थंडीतही गोळी उन्हाळ्यात लावलेल्या जागीच लागत होती. हरणांच्या सीडब्ल्यूडी या रोगाच्या तपासणीसाठी नमुना दिला, अहवाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्ये ठेवलं. मग ताईने मालवणी मसाल्यात खिमा केला. चरबी कमी असल्याने त्याला तेल जरा सढळ लागतं.

तक्रारी आहेतच. ज्या दुकानातून दस्ता मागवला त्यांनी आधी उजव्या हाताचा पाठवला आणि बदलून द्यायला फार छळलं. मॅगझिनमधलं शेवटचं काडतूस अजून कधीकधी अडतं. आणि पैसे वाचतील म्हणून कुणी यात पडू नये. काडतुसं भरायचा प्रेस, त्याचे डाय (साचे), तराजू, केस यांचा खर्च वसूल व्हायला खूप गोळ्या झाडाव्या लागतात.

भारतातल्या वाचकांसाठी: तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि शस्त्र कायदाही कडक आहे, तेव्हा यातलं काही तिथे करून बघायचं नाही. दस्त्याचं माप आणि रिकाम्या काडतुसाचा सराव मात्र परवान्याच्या स्पर्धेच्या रायफलीलाही तितकाच लागू आहे. इकडे कुणी लहान चणीच्या माणसासाठी रायफल घेत असेल तर नळी आणि स्कोपचे पैसे थोडे कमी करा आणि दस्ता कापून घ्या. तेही कोट घालूनच.