कळसूबाई की हरिश्चंद्रगड? एकच वीकेंड असेल तर

पाऊस ओसरायला लागला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, एकच वीकेंड मोकळा मिळालाय, कळसूबाई करू की हरिश्चंद्रगड? दोन्ही अकोले तालुक्यात, दोन्ही एकाच अभयारण्यात, अभयारण्याचं नावसुद्धा दोघांचं मिळून, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की कुठेही गेलो तरी सारखंच. अजिबात नाही. कळसूबाई म्हणजे शिखर, चढायचं, देवीला नमस्कार करायचा, उतरायचं. हरिश्चंद्रगड वर पोचल्यावर बघायचा असतो, त्याला वेळ द्यावा लागतो.

कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा, आणि बहुतेक जण तेवढ्या एका कारणासाठी ती निवडतात. कारण वाईट नाहीये. बारी गावातून मळलेली वाट आहे, चुकायची भीती फार कमी, कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या लावल्यात, न थांबता चाललात तर तीन-साडेतीन तासांत माथा. वरून हवा स्वच्छ असली तर अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले एका रांगेत दिसतात, भंडारदऱ्याचं पाणी दिसतं, आणि आपण या सगळ्यांच्या वर उभे आहोत हे खरंच अंगावर येतं. पण माथा लहान आहे. शनिवार-रविवारी आणि नवरात्रात शिड्यांवर रांग लागते, वर टेकायला जागा शोधावी लागते, आणि धुकं असलं तर समोर फक्त पांढरं. जमत असेल तर मधल्या वारी जा, फरक लगेच कळेल. उतरताना गुडघे बोलायला लागतात, काठी घ्याच. ढग गडगडत असतील तर मात्र शिड्यांच्या वाटेला जाऊ नका, उघडा माथा आणि लोखंड, वीज पडायला अजून काय पाहिजे.

आता हरिश्चंद्रगड. उंची 1424 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा दोनशेहून जास्त मीटरने कमी, पण वर पसारा केवढा! हरिश्चंद्रेश्वराचं दगडी मंदिर आहे, बाजूला केदारेश्वराची गुहा, आत बर्फासारख्या गार पाण्यात मोठं शिवलिंग आणि भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत उरलाय. तारामतीचं शिखर वेगळं. आणि मग कोकणकडा. अर्धगोल, आतल्या बाजूला वळलेला, काठावर पोटावर झोपून खाली बघायचं, उभं राहून नाही, कारण वारा कसा येईल सांगता येत नाही, पावसाळ्यात तर खाली पडणारं पाणी हाच वारा उलटं वर उडवतो. 1835 मध्ये कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथे इंद्रवज्र पाहिल्याची नोंद आहे, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य, मधोमध आपलीच सावली. त्यासाठी सूर्य पाठीमागे आणि समोर दरीत धुकं लागतं, त्यामुळे खूप जणांना दिसत नाही, मलाही अजून दिसलेलं नाही आणि तरी दरवेळी मी कड्यावर तासभर बसतोच.

वाटा इथे नीट समजून घ्या, कारण गडबड इथेच होते. पाचनईची वाट सोपी, दोन-अडीच तास, नवख्यांनी हीच धरावी. खिरेश्वरहून टोलारखिंडीतून येणारी वाट लांब आहे, पुढे कातळावर रेलिंग धरून चढायचं आणि त्यानंतर जंगलाचा पट्टा लागतो, तिथे धुक्यात वाट सुटते, सोबत गावातला माणूस घ्या, त्याला दोन पैसे मिळतात आणि तुमचा जीव टांगणीला लागत नाही. नळीची वाट फक्त अनुभवी आणि दोर-बिर वापरता येणाऱ्यांसाठी, व्हिडिओ बघून ठरवू नका प्लीज.

गाडी नसेल तर कळसूबाई सोयीचं, कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे जीप मिळते. पाचनई आडबाजूला आहे, स्वतःची गाडी असलेली बरी. खिरेश्वरसाठी माळशेज घाटाच्या रस्त्यावर खुबी फाट्याला एसटीतून उतरता येतं, पण मग धरणाच्या कडेने बरंच चालायचं.

माझं विचाराल तर, दिवसभराचाच वेळ असेल, सोबत पहिल्यांदा येणारे असतील आणि 'सर्वात उंच' हे मनात बसलंच असेल तर कळसूबाई. पण एक रात्र काढता येत असेल तर विचारच करू नका, पाचनईहून हरिश्चंद्रगड, संध्याकाळी कड्यावर, सकाळी केदारेश्वर. सप्टेंबरच्या शेवटी जा, पठारावर सोनकी पिवळीधमक फुललेली असते, पाऊस कमी झालेला असतो आणि पाणी अजून वाहत असतं. मुक्कामाचे आणि तंबूचे नियम वनखात्याकडून आधी विचारून घ्या, गावात जेवणाचं आधी सांगून ठेवा म्हणजे गरम पिठलं-भाकरी मिळते, आणि प्लास्टिकची एकूण एक पिशवी परत खाली आणा, कड्यावरून खाली टाकलेलं काढायला कोणीच उतरत नाही.