मनिलाची जीपनी: १३ पेसोत काय मिळतं, काय नाही

दिवसाउजेडी निघायचं आहे, पाठीवर एखादीच छोटी पिशवी आहे आणि पाच-सहा किलोमीटर जायचंय, तर मनिलात जीपनीसारखी, म्हणजे ठरलेल्या रस्त्याने धावणाऱ्या तिथल्या शेअर गाडीसारखी, सोय नाही. मोठी बॅग असेल, विमान गाठायचं असेल किंवा संध्याकाळी ऑफिसं सुटायची वेळ असेल, तर मात्र तिच्या वाटेला जाऊ नये. जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना फिलिपिन्समध्ये १४ दिवसांसाठी व्हिसा लागत नाही. त्यामुळे तिकडे जाणारे वाढतील, आणि पहिल्याच दिवशी हजार पेसोची (पेसो हे तिथलं चलन) नोट काढून जीपनीवाल्याचे सकाळी सकाळी शिव्याशाप घेणारेही वाढतील. म्हणून हे जरा तपशिलात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या जीपा तिथे उरल्या. त्या लांबवून, मागे समोरासमोर दोन बाकं टाकून ही गाडी झाली. लास पिन्यासचा सराव मोटर्स हा त्यातला सगळ्यात नावाजलेला कारखाना, १९५३ सालचा. त्याचे संस्थापक आधी घोडागाडी हाकायचे. बॉनेटवर पत्र्याचे घोडे लावायची हौस अजून टिकून आहे. पत्रा हाताने ठोकलेला, इंजिन बहुतेक वेळा जपानमध्ये वापरून झालेलं इसुझू डिझेल. धूर आणि खडखडाट त्या भावातच आला.

चढायच्या आधी काचेखालची पाटी वाचायची. तिच्यावर दोन टोकं असतात आणि त्याखाली बारीक अक्षरांत मधला रस्ता. फसगत इथेच होते. टोकं तीच, पण एक गाडी औरोरा बुलेवार्डवरून जाते आणि दुसरी भलत्याच रस्त्याने. ‘ददाआन पो बा सा कियापो?’ म्हणजे ‘कियापोवरून जाणार का?’ एवढं विचारलं की काम होतं. ‘पो’ हा आदराचा शब्द, तो प्रत्येक वाक्याला लावायचा. चालकाला ‘कुया’ म्हणायचं, म्हणजे आपलं ‘दादा’. थांब्यावर एक माणूस गावांची नावं ओरडत असतो, त्याला तिथे ‘बार्कर’ म्हणतात. वडापच्या स्टँडवर ‘ए कराड कराड कराड’ करणारा ज्याने पाहिलाय, त्याला वेगळी ओळख करून द्यायला नको. ‘सियामान’, म्हणजे एका बाकावर नऊ, असं तो सांगतो आणि आठ जण खेटून बसलेले असतानाच सांगतो. नववा कसाबसा अर्ध्या मांडीवर टेकतो.

शिरायचं मागून. आत ताठ उभं राहता येत नाही, तेव्हा वाकूनच जायचं आणि छतालगतची दांडी धरायची. खिडक्या इतक्या खाली असतात की बाहेर कुठवर आलो हे कळायला मान तिरकी करावी लागते. नवख्याचा थांबा हमखास चुकतो तो यामुळे. फोनवर नकाशा चालू ठेवा, पण फोन मांडीवर, दोन्ही हातांत. दाराशी बसलात तर उतरायला सोपं, पण मागच्या गाडीचा धूर थेट तोंडावर, आणि हातातली वस्तू हिसकायलाही तीच जागा सोयीची. चालकाच्या पाठीमागे बसलात की तुम्ही आपोआप बिनपगारी कंडक्टर. सगळ्यात उत्तम म्हणजे चालकाशेजारच्या दोन जागा. समोरचं दिसतं, वारा लागतो, पैसे थेट त्याच्याच हातात.

आता पैसे. या सेवेचा जीव यातच आहे. तिकीट नाही, कंडक्टर नाही. बसल्यावर नाणी शेजाऱ्याच्या हातावर ठेवायची आणि म्हणायचं ‘बायाद पो’, भाडं घ्या. हातोहात ती पुढे सरकतात. किती जण आणि कुठे, हे सोबत सांगायचं: ‘इसा, कुबाव’. एकाचं असेल तर ‘इसा’, दोघांचं ‘दालावा’. नोट दिली असेल तर कितीची तेही मोठ्याने सांगायचं, कारण उरलेले पैसे त्याच हातांमधून परत येतात आणि मधल्या कुणाला ते कुणाचे हे माहीत नसतं. रकमा बोलताना स्पॅनिश आकडे कानावर पडतात: १३ म्हणजे ‘त्रेसे’, २० ‘बेन्ते’, ५० ‘सिंग्क्वेन्ता’. सुटे यायला उशीर झाला तर ‘सुक्ली पो’ म्हणावं. विसरलेले पैसे उतरल्यावर मिळत नाहीत.

चालकाचे हात बघण्यासारखे असतात. नोटा उभ्या घडी घालून बोटांच्या बेचक्यात, अगदी आपल्या एसटीच्या कंडक्टरसारख्या. डॅशबोर्डवर कप्प्यांचा लाकडी ट्रे, त्यात नाणी वेगवेगळी लावलेली. एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्याने सुटे, आणि आरशातून नजर कुणी दिले नाहीत यावर. फुकट जाणाऱ्यांसाठी ‘गॉड नोज हुदास नॉट पे’ अशी पाटीही काही गाड्यांत सापडते. हुदास म्हणजे येशूला दगा देणारा ज्यूडास. इंग्रजीतलं ‘हू डझ’ त्यात लपवलंय. दुसरी नेहमीची पाटी ‘बार्या लांग पो सा उमागा’, सकाळी फक्त सुटे द्या. ती गंमत म्हणून लावलेली नसते. नाण्यांत एक खोच आहे: ५ पेसोचं एक गोल नाणं १ पेसोसारखंच दिसतं. लोक इतके वैतागले की २०१९ च्या अखेरीस नऊ बाजूंचं नाणं काढावं लागलं. गोल नाणी देताना दोनदा बघा.

ऑक्टोबर २०२३ च्या दरपत्रकाप्रमाणे जुन्या जीपनीचे पहिल्या ४ किलोमीटरला १३ पेसो, पुढे किलोमीटरला १.८० पेसो. म्हणजे १० किलोमीटरला साधारण २४. विद्यार्थी, ज्येष्ठ आणि दिव्यांगांना २० टक्के सूट असते. ती पैसे देतानाच मागायची, ओळखपत्र दाखवून. ज्येष्ठांची सूट फक्त तिथल्या नागरिकांना आहे, आपल्या आजी-आजोबांना नाही.

उतरायचं असेल तर ‘पारा पो!’. गाडीच्या खडखडाटात पुटपुटून चालत नाही. छतावर नाण्याने टकटक केली तरी चालतं, काही गाड्यांत ओढायची दोरी असते. जिथे उतरायचं त्याच्या थोडं आधी म्हणा, कारण गाडी तीन पावलांत थांबत नाही. वाहतूक उजवीकडून असल्यामुळे आपली नजर सवयीने चुकीच्या बाजूला जाते. मागून उतरताना गाडी आणि फुटपाथ यांच्या फटीतून मोटरसायकली सुसाट येतात. आधी मागे बघा, मग पाय टाका.

गाडी भरेपर्यंत हलत का नाही आणि सुटली की उधळते का, याचं उत्तर ‘बाउंडरी’त आहे. चालक गाडीच्या मालकाला रोजची ठरलेली रक्कम देतो, डिझेल स्वतःचं, उरेल ते त्याचं. रिकामी जागा म्हणजे त्याच्या खिशाला भोक. याच हिशेबातून ‘कटिंग ट्रिप’ निघते: पुढे गर्दी तुंबली किंवा प्रवासी कमी झाले की शेवटच्या थांब्याआधीच सगळ्यांना उतरवून गाडी उलटी वळवायची. तक्रार करण्यात अर्थ नाही, उतरून मागची पकडा.

२०१७ पासून सरकारने जुन्या जीपनींच्या जागी नव्या गाड्या आणायचा कार्यक्रम घेतला. बाजूला दार, एसी, उभं राहता येईल एवढी उंची, कमी धुराचं ‘युरो ४’ इंजिन, आणि त्याच २०२३ च्या दरपत्रकाप्रमाणे पहिल्या ४ किलोमीटरला १५ पेसो. उन्हाळ्यात, लहान मूल सोबत असताना किंवा गुडघे दुखत असतील तर दोन पेसो जास्त देऊन सरळ हीच घ्यावी. पण अशा एका गाडीची किंमत २० लाख पेसोंच्या वर जाते. जुने चालक संपावर गेले ते उगाच नाही.

पहिलाच अनुभव घ्यायचा असेल तर फिलिपिन्स विद्यापीठाच्या दिलिमान आवारात घ्या. तिथल्या ‘इकोत’ जीपनी आवारात गोल फिरतात, आणि ‘तोकी’ त्याच्या उलट दिशेने. ‘इकोत’ची अक्षरं उलटी लावून ते नाव केलंय. चुकलात तरी पुन्हा तिथेच येता.

जीपनी जिथे संपते तिथून ट्रायसिकल. मोटरसायकलच्या उजव्या बाजूला पत्र्याची डबी. आत दोघं नीट, तिसरा पाय दुमडून, आणखी एक चालकाच्या मागे. मोटरसायकल बहुधा कावासाकी बराको किंवा होंडा टीएमएक्स असते, पण आपल्या पुण्याच्या बजाजच्याही बऱ्याच दिसतात. दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावर तर रिक्षाच्या घाटाच्या तीनचाकीला ‘बाओ-बाओ’ म्हणतात, म्हणजे कासव. प्रत्येक भागाची चालक संघटना वेगळी, तिला ‘तोदा’ म्हणतात. एका तोदाची गाडी दुसऱ्याच्या हद्दीत जात नाही. बसण्याआधी ‘स्पेशल’ की शेअर हे ठरवा. ‘स्पेशल’ म्हणजे रिकाम्या जागांचेही पैसे तुमचेच. परक्या माणसाला न विचारता ‘स्पेशल’च धरतात. दरपत्रक, म्हणजे ‘तारिपा’, डबीत चिकटवलेलं असतं, आधी त्याच्यावर बोट ठेवा. रस्ता खराब असेल तर डोक्याशी हात धरा, छप्पर फार खाली असतं.

कालेसा, म्हणजे टांगा, मनिलाच्या इंत्रामुरोसमध्ये, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहरात, घेऊ नये असं माझं मत आहे. भाव माणशी की गाडीचा, तासाचा की फेरीचा, हे मुद्दाम मोघम ठेवतात आणि उतरताना वाद होतो. उत्तरेकडच्या विगान या जुन्या शहरात घ्या. काये क्रिसोलोगोच्या दगडी रस्त्यावर मोटारी बंद आहेत, चाकांचा आवाज दोन्हीकडच्या जुन्या घरांवरून घुमून येतो. तिथेही भाव आधी ठरवा, आणि भर दुपारी घोड्याला बाहेर काढायला लावू नका.