फोटोंसाठी पोर्टेबल एसएसडी की हार्ड डिस्क?

रोज फोटो निवडून एडिट करायचे असतील तर एसएसडीच (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी ड्राइव्ह) घ्या. १० गिगाबिटच्या यूएसबी पोर्टवर ती सेकंदाला सुमारे १,००० एमबी वाचते. खिशातली हार्ड डिस्क १३०च्या आसपास अडकते. ५०० जीबी रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या) फायलींना तिला तासभर सहज लागतो. मात्र स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) एसएसडीची कॅश, म्हणजे तात्पुरती वेगवान जागा, भरली की लिहिण्याचा वेग धाडकन कोसळतो. खोक्यावरचा २,०००चा आकडाही फसवा: पोर्ट २० गिगाबिटचा नसेल तर निम्माच मिळतो.

चालू हार्ड डिस्क टेबलावरून पडली तर वाचणारे-लिहिणारे हेड फिरत्या तबकडीवर आपटून खेळ खल्लास. एसएसडीला ती भीती नाही. पण वर्षानुवर्षे कपाटात ठेवायला हार्ड डिस्क बरी, कारण विजेविना एसएसडीच्या पेशींतला भार हळूहळू गळतो, उकाड्यात जास्तच. शिवाय ट्रिम (पुसलेल्या फायलींची जागा मोकळी करायला एसएसडीला कळवणारी सोय) चालू असेल तर चुकून पुसलेले फोटो एसएसडीवरून परत मिळणे जवळपास अशक्य.

म्हणून काम एसएसडीवर, बॅकअप हार्ड डिस्कवर, तिसरी प्रत दुसऱ्या घरी. चेकसम (प्रत मुळाबरहुकूम आहे का हे ताडणारा आकडा) जुळल्यावरच कॅमेऱ्याचे कार्ड फॉरमॅट करा. आणि एक्सफॅट (विंडोज-मॅक दोन्हींवर चालणारी फाइल-रचना) असलेली ड्राइव्ह ‘इजेक्ट’ न करता ओढू नका. त्यात जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, नसतो, अर्धवट लिहिलेल्या नोंदींमुळे अख्खे फोल्डर गायब होऊ शकते.