विश्रामबागेतलं झेरॉक्सचं दुकान: पुस्तक स्कॅन करायचं तर इथेच

सांगलीत झेरॉक्सची दुकानं पायलीला पन्नास आहेत, पण अंध विद्यार्थ्याच्या कामाचं स्कॅन काढून देणारं मला विश्रामबागेत कॉलेजच्या वाटेवर हे एकच सापडलं.

मी बी.ए.ला आहे, राज्यशास्त्र घेऊन. पुस्तक लागलं की आधी सुगम्य पुस्तकालयात शोधते. २०१६ साली सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय छापील मजकूर वाचता न येणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी आहे, तिथे मिळतंय ते आधी उतरवून घ्या. पण छोट्या स्थानिक प्रकाशनांची पुस्तकं आपली आपणच करून घ्यावी लागतात. एका प्रकाशकाने पीडीएफ पाठवली खरी, पण युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली. एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं माझं सॉफ्टवेअर, नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं बरळत सुटलं.

मग स्कॅनच. इतर दुकानांत पुस्तक तसंच काचेवर दाबतात. शिलाईजवळच्या सावलीत ओळीची टोकं जातात, 'राज्यघटनेच्या'चं 'राज्यघट' ऐकू येतं. इथले काका शिलाई उसवून पानं सुटी करतात, ३०० डीपीआयवर (अक्षरं स्पष्ट येतील इतक्या बारकाईने) काढतात, प्रकरणागणिक वेगळी फाईल देतात आणि वर पुस्तकाला स्पायरल घालून देतात. ती फाईल गुगल ड्राइव्हमधून डॉक्समध्ये उघडली की चित्रातली अक्षरं ओळखली जाऊन एनव्हीडीएला वाचता येणारा मजकूर हाती येतो. तळटीपा मध्येच घुसतात, तक्त्यांची खिचडी होते, पण सलग मजकूर चोख.

पहिल्यांदा काका बिचकले होते. "पोरी, अख्खं पुस्तक काढून दिलं आणि प्रकाशकानं धरलं म्हंजे?" मी मोबाईलवर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(झेडबी) लावून त्यांना ऐकवलं. २०१२ च्या दुरुस्तीने ते आलंय. दिव्यांगाला वाचता यावं म्हणून कुणीही पुस्तकाची सुलभ प्रत करू शकतं, फक्त त्यात नफा काढायचा नाही, खर्चापुरतेच पैसे घ्यायचे. हे शेवटचं काकांनी जरा जास्तच मनावर घेतलं. बाकीच्यांना पानाला दोन रुपये, मला एक.

परीक्षेच्या तोंडावर जाऊ नका. गर्दीत शिलाई उसवायला त्यांना सवड नसते आणि पोऱ्याच्या हाती काम गेलं की पानं उलटसुलट लागतात. फाईलींना प्रकरणाची नावं द्यायला बजावून सांगा, नाहीतर सगळ्या 'स्कॅन १', 'स्कॅन २' म्हणून येतात. काकांना मराठी टायपिंगचा कंटाळा आहे, तेव्हा नावं इंग्रजी स्पेलिंगात चालवून घ्या.