पाणी तपासणीचा संच : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यावर

नागपूरच्या आमच्या महाल भागात घरोघरच्या जुन्या विहिरी अजून आहेत आणि गांधीसागर तलाव जवळच. दोन्हींचं पाणी आपणच नेमाने तपासायचं असं शेजाऱ्यांनी मिळून ठरवलं, वर्गणी काढली आणि साधा फील्ड टेस्ट किट आणला. पावसाळ्यात सुरुवात केली, आता ऊन तापलंय. कुणाला असंच काही सुरू करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून लिहितोय.

संचातली सगळ्यात मोलाची चाचणी विरघळलेल्या ऑक्सिजनची. बाटली पाण्याखालीच काठोकाठ भरून तिथेच बूच लावायचं. आत एक बुडबुडा राहिला तरी आकडा बिघडतो. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइडचे थेंब. ऑक्सिजन असला तर साका तपकिरी, नसला तर पांढरा. आम्ल घातलं की साका विरघळतो, स्टार्चने पाणी निळं होतं आणि तो निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेटचे थेंब मोजायचे. गल्लीतली पोरं हे बघायला गर्दी करतात, पण आम्ल मोठ्यांनीच हाताळावं, हातमोजे आणि चष्मा घालूनच.

आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजनचा आहे. शेवाळ फार असलेल्या तलावात दुपारी हा आकडा छान दिसतो, कारण उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्रभर तेच शेवाळ तो वापरतं, म्हणून खरी तंगी पहाटे कळते. एकाच दुपारचा आकडा घेऊन 'तलाव चांगला' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आम्ही जागा आणि सकाळची वेळ पक्की केली, तेव्हापासून वहीतल्या नोंदी एकमेकींशी ताडून बघता येऊ लागल्या.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ, मुख्यतः क्षार) मोजणारा मीटर स्वस्त आणि झटपट, पण त्याच्यावर लोकांची भिस्त जरा जास्तच. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. आयएस १०५०० या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, पण पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू मुळीच चालत नाही. त्यासाठी एच-टू-एसची, म्हणजे जंतूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडने काळी पडणारी, बाटली ठेवा. पाणी भरून २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवायची, काळी पडली तर मैलपाण्याची शंका. आमच्याकडच्या एका विहिरीची बाटली काळी पडली. त्या घरच्या काकूंनी पिण्यासाठी ते पाणी त्याच दिवशी बंद केलं आणि नमुना प्रयोगशाळेत दिला. बाटली काळी पडली नाही म्हणजे पाणी पिण्यालायकच, असं मात्र धरू नये. जुन्या गटारांच्या शेजारच्या विहिरींत नायट्रेटही बघा. मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम.

तक्रारी दोन. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, त्यामुळे मराठी पायऱ्या आम्हीच लिहून झाकणाला चिकटवल्या. आणि रंगपट्टी ट्यूबलाइटखाली वेगळी दिसते, दिवसाच्या उजेडात सावलीत वेगळी. आम्ही नेहमी सावलीतच वाचतो. नागपूरच्या उन्हाळ्यात स्टार्च लवकर खराब होतो, पीएचच्या पट्ट्या दमट झाल्या की कामातून जातात. डबा गच्चीच्या खोलीत ठेवू नका आणि प्रत्येक बाटलीवरची मुदत बघूनच सुटी रसायनं मागवा.

वापरलेलं द्रावण नालीत किंवा तलावात ओतू नये. आम्ही वेगळ्या डब्यात साठवतो आणि एका महाविद्यालयाच्या रसायनशाळेत नेऊन देतो. पैसे कमी असतील तर आधी ऑक्सिजनची चाचणी आणि एच-टू-एसच्या बाटल्या घ्या, मीटर नंतर.